यनजूचा सुजलेला गाल

चित्रासमोर उभं राहताच दोकसूचं टाळकं सणकलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात त्याच्या धाकट्या बहिणीनं, यनजूनं, स्वतःचंच चित्र लावलं होतं. ओठ फाटलेला, डावा गाल काळानिळा, नजर बघणाऱ्यावर रोखलेली.

बाप त्याच्या धड कानाशी लागला. "बघितलंस? डावा गाल. म्हणजे उजव्या हाताचा तडाखा. तिच्या त्या चित्रकार इनहोशिवाय कुणाचा? त्यानंच फूस लावून नेली पोरीला. आणि तू काय, बांगड्या भरल्यास?"

दोकसू मासेमारीच्या बोटीवरून परतला, तेव्हा यनजू घर सोडून गेलेली. फोन उचलत नव्हती. माझ्या बहिणीवर हात टाकणारा कोण, एवढंच त्याला हवं होतं. आता नाव मिळालं.

पुसान बंदरावरच्या चढावर इनहोची चित्रं काढायची खोली होती. दोकसूनं लाथेसरशी दार उघडलं, पोराला गचांडी धरून भिंतीवर आपटलं, तोंडावर ठोसे घातले.

"कुठल्या हातानं मारलीस रे भडव्या? ह्या?" त्यानं इनहोचा उजवा पंजा फरशीवर दाबला आणि बुटाची टाच घातली. बोटं कडाकडा मोडली.

"मी नाही हो दादा! आईशप्पथ मी नाही!"

"खोटं बोलतोस? चित्रात धडधडीत डावा गाल आहे!"

इनहोनं रक्त थुंकलं. "अरे गाढवा, स्वतःचं चित्र आरशात बघून काढतात! डावं-उजवं उलटं होतं त्यात. तिचा उजवा गाल सुजला होता. मीच बर्फ लावत बसलो होतो. कुणी मारलं ते सांगेना ती. जा, डावखुरा शोध!"

दोकसूनं टाच उचलली. बाप जेवायचा उजव्या हातानं, सही करायचा उजव्या हातानं. आजोबांनी लहानपणी डावा हात बांधून, छड्या मारमारून ती खोड मोडली होती. गल्लीत कुणाला पत्ताही नव्हता. पण माथं फिरलं की डावाच हात आधी उठायचा. दोकसूचा उजवा कान त्याच हातानं फोडला होता.

शेजाऱ्याला हाक मारून त्यानं इनहोला दवाखान्यात धाडलं.

घरी बाप उजव्या हातात चमचा धरून सूप ओरपत होता. "झालं काम?"

"झालं. भलत्याचं झालं. तिचा उजवा गाल होता, बाबा. चित्र आरशातलं आहे."

चमचा थांबला. "बापाला जाब विचारतोस, हरामखोरा?"

डावा हात उठला, नेहमीसारखा बहिऱ्या बाजूनं. आज दोकसू त्याच बाजूला बघत होता. त्यानं मनगट हवेतच पकडलं, मेजावर आपटलं, वर गुडघा रोवला.

"जेवता उजव्यानं ना? मग हा कशाला हवाय?"

हाड मोडलं. बाप गुरासारखा ओरडला, आणि दोकसूला क्षणभर फार बरं वाटलं. मग त्याला इनहोची बोटं आठवली. ती काही ह्यानं जुळणार नव्हती.