आवर्तनांखालचा आवाज

"हात लावू नका," मी म्हणाले. "मास्तर, कशालाही हात लावू नका. आधी माऊसवरून बोट काढा."

"काढलं," फोनवर मास्तर म्हणाले. "पण पडद्यावर चौकट आलीय. काहीतरी विचारतेय."

माझ्या लेकीचा, चिमीचा, खांद्यावर नुकता कुठे डोळा लागला होता. मी फोन दुसऱ्या कानाला नेला. चौकट काय विचारत असणार, ते मला न बघताच कळलं. मास्तर वैतागून सगळं बंद करायला निघाले होते आणि कॉम्प्युटर विचारत होता, हे ठेवू की टाकून देऊ.

"त्यात तिसरं एक बटण असेल, रद्द करायचं. तेवढंच दाबा."

"आणि चुकून दुसरं दाबलं गेलं तर?"

"चष्मा लावा, मग दाबा."

चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. मग टक्. "गेली चौकट," मास्तर म्हणाले. त्यांचा श्वास मला स्पष्ट ऐकू आला.

मी आणि माझा नवरा संगीतवाल्यांना तयार कॉम्प्युटर विकतो. माइक, स्पीकर, सॉफ्टवेअर, तालांचे साठे, सगळं तो आधीच बसवतो. घेणाऱ्याने घरी नेऊन बटण दाबायचं आणि गायला बसायचं. ज्याला हवी त्याला शिकवणी वेगळी, ती माझ्याकडे. मास्तरांनी ती घेतली नाही. "जन्मभर पोरांना व्हायोलिन शिकवतोय, आता हा डबा मला शिकवणार होय?" असं म्हणून हसले होते.

त्यांची बायको गाणं शिकवते. तिला सगळेच बाई म्हणतात, मास्तरसुद्धा. उद्या सकाळी बाईंच्या घशातली गाठ काढणार होते. त्यानंतर आवाज राहील का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. म्हणून आज बाईंनी नवख्यांना देतात ते सगळे धडे ओळीने गाऊन ठेवले होते. आवाज गेला तरी वर्ग चालायला हवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

"आणि आता लावलं तर एक खोकला तेवढा ऐकू येतोय," मास्तर म्हणाले. "बाकी कोरं."

"पुन्हा नाही का गाता येणार त्यांना?"

"घसा पार बसलाय गं. पाणी गिळतानाही डोळे मिटतेय."

मी चिमीला शालीत गुंडाळलं आणि निघाले. घर फार लांब नव्हतं, पण त्या दिवशी प्रत्येक चौकात कुणीतरी मुद्दाम आडवं येत होतं. नवरा परगावी एका स्टुडिओत जोडणीला गेलेला. त्याचा फोन लागेना. लागला तो मास्तरांच्या जिन्यात.

"त्यांनी ताल फिरता ठेवला होता का?" त्याने ऐकताक्षणी विचारलं.

"ठेवणारच ना. ताल थांबू नये असं वाटलं त्यांना."

गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला ताल गोल फिरतो यात वावगं काही दिसत नाही. तो फिरतोच. पण आमच्या यंत्राला फिरता ताल दिला की ते समजतं, याला एकाच जागी पुन्हापुन्हा रेकॉर्ड करायचंय. प्रत्येक आवर्तनाला बाईंची नवी ओळ आधीच्या ओळीवर जाऊन बसली होती. दिसत होतं ते फक्त सगळ्यांत वरचं, शेवटचं आवर्तन. खालची आवर्तनं थराथराने शाबूत असतील किंवा मुळीच नसतील. ते एका सेटिंगवर ठरतं, आणि ते सेटिंग माझा नवरा करतो.

"तू थर ठेवतोस ना रे?"

त्याने पलीकडे कुणाला तरी 'एक मिनिट' म्हटलं.

"बोल ना."

"मध्यंतरी बदललं होतं मी ते. डिस्क भरते म्हणून लोक डोकं खायचे. नवं आलं की जुनं पुसायचं, असं करून ठेवलं होतं."

"मास्तरांचा कॉम्प्युटर त्याच्या आधीचा की नंतरचा?"

"आठवत नाही गं."

"आठव."

"अगं, खरंच नाही आठवत. उघडूनच बघावं लागेल."

दार आधीच उघडं होतं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीवर जाड रजई टांगली होती. बाई खुर्चीत बसल्या होत्या, गळ्याभोवती मऊ पंचा. त्यांनी काही न बोलता दोन्ही हात पुढे केले. मी चिमीला त्यांच्याकडे दिलं. ती जागी झाली, पण रडली नाही.

"मी फक्त तीनच बटणं दाबली," मास्तर म्हणाले. "त्यातलं पाप कुठलं, ते सांग."

"कुठलंच नाही. तुम्ही बाजूला बसा बरं."

आधी आहे तेवढं जतन केलं. मग पडद्यावर आवाजाची जी पट्टी दिसते, तिच्या टोकाला थर उघडायचा बारीक बाण असतो, त्यावर गेले. बोट खाली जाईना. तो दाबेपर्यंत बाईंचा आवाज तिथे असू शकत होता. मास्तर माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले होते, बसा म्हटलं तरी.

दाबलं.

पडदा क्षणभर गोठला. मग एक पट्टी खाली सरकली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली आणखी. पडदा पुरेना, तरी येतच होत्या.

"हे काय आलं?" मास्तरांनी विचारलं.

"बाई आल्या," मी म्हणाले.

मी एकेक पट्टी उचलून ओळीने एकापुढे एक मांडली. मास्तर वाकून बघत होते. "अगं, पण यात निम्मं तर सपाटच आहे. अर्धं पुसलंय की काय?"

मी लावलं. बाईंचा आवाज आला, एक ओळ, स्वच्छ. मग नुसता ताल. पुढची ओळ, पुन्हा नुसता ताल. आम्ही दोघे वळून बाईंकडे बघायला लागलो. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मास्तरांकडे बोट केलं. तेव्हा कळलं, ती जागा मुलांनी मागून म्हणायला सोडलेली होती.

"मी? माझा आवाज माहीत आहे ना तुला?"

बोट हललं नाही.

पुढची ओळ झाली तसे मास्तर गायले. व्हायोलिनवर त्यांचा हात जितका गोड, तितकाच गळा अवघड. तिसरा सूर पार घसरला. बाईंनी तळवा वर केला, वर्गात करतात तसा. पण यंत्र कशाला थांबतंय? ते पुढच्या ओळीला लागलं. बाईंचा हात तसाच वर राहिला आणि चेहरा उतरला. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्या उठल्या. चिमीला कडेवर घेतलं, टेबलाशी आल्या आणि मला नजरेनेच विचारलं. मी स्पेसबार दाखवला, आणि मागे न्यायचं बटण. बाईंनी थांबवलं. मागे नेलं. ओळ पुन्हा लावली.

मास्तर पुन्हा गायले. तिसरा सूर पुन्हा घसरला.

बाईंनी थांबवलं.