मुका पाळणा

वडगावच्या त्या गल्लीत कुणाचाही फोन बिघडला की तो आधी नागराजकडे यायचा. नागराज यंत्रमागावरचा कारागीर. पण फोनमधलं त्याला सगळं कळतं असा गल्लीचा समज होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा स्वतःचाही होता. म्हणून शुक्रवारी सकाळी बाळंतपणाला माहेरी आलेली बहीण पूर्णिमा फोन घेऊन आली, तेव्हा त्यानं माग बंदसुद्धा केला नाही.

"अण्णा, आईचं गाणं वाजंना झालंय बघ. चित्र दिसतंय, आवाज न्हाय."

"दोन मिन्टांचं काम हाय. ठेव तितं."

ते गाणं म्हणजे त्यांच्या आईचा, जयाबाईचा पाळणा, मागाच्या ताण्याबाण्यावरचा, उभ्या-आडव्या धाग्यांवरचा. रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता ती तो म्हणायची. तीन वर्षांपूर्वी नागराजनं तो थेट व्हिडिओच्या ॲपमध्येच रेकॉर्ड करून टाकला. लोकांना तो इतका आवडला की चारशेच्या वर जणांनी आपापल्या पोरांच्या व्हिडिओंना तोच आवाज लावला. पूर्णिमानंही आईचे फोटो जोडून खाली तो लावला होता. मग गेल्या वर्षी आई गेली, आणि दुखवट्यात वर्षभर घरात कुणी तो लावलाच नाही. आता वर्षश्राद्ध उरकलं होतं आणि रविवारी पूर्णिमाच्या लेकीचं बारसं होतं. "तुझ्या पोराला पाळणा मीच म्हणणार," असं आई म्हणायची. ते निदान फोनवर तरी खरं व्हावं, एवढंच पूर्णिमाला हवं होतं.

दोन मिनिटांची दुपार झाली. नागराजनं फोन बंद करून चालू केला. ॲप काढून परत घातलं. घरचं वायफाय सोडून मोबाईलचं नेट लावलं, मग बायकोचा, रूपालीचा, फोन घेतला. सगळीकडे तीच एक ओळ यायची, 'हा आवाज आता उपलब्ध नाही.' कंपनीला तक्रार पाठवली तर संपर्क केल्याबद्दल आभार मानणारं उत्तर आलं, नि पुढं काहीच नाही. त्यानं कंपनीला शिव्या घातल्या, नेटवाल्याला घातल्या, फोन बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

शनिवारी अभिमान गिळून तो अनगोळला श्रेयसच्या मोबाईलच्या दुकानात गेला. श्रेयसनं फोन हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "आवाज मुळात कुणाच्या अकाउंटवरचा?"

"माझ्याच."

"मग त्यो मूळ व्हिडिओ दाखवा की."

"त्यो काढून टाकलाय मी."

"मूळ काढून टाकला की त्यावरनं घेतलेले समदे मुके व्हत्यात, अण्णा. तीस दिवस परत आणता येतंय. कवा काढून टाकला?"

"तेरा महिनं झालं."

श्रेयसनं फोन परत दिला. तपासण्याचे पैसे घेतले नाहीत, त्यावरूनच नागराजला काय ते कळलं.

तेरा महिन्यांपूर्वी, आई गेल्याचा तो पाचवा दिवस होता. रूपालीच्या फोनवर चुकून तो पाळणा वाजला आणि ओट्यावर बसलेले मल्लाप्पाकाका कडाडले, "सुतकाच्या घरात गाणं? वरीसभर हितं गाणं वाजायचं न्हाय. बंद कर ते!" रीत खोटी नव्हती. दुखवट्यात घरचे मागसुद्धा दहा दिवस बंद होते. काकांना फक्त वाजणारा फोन बंद करायचा होता. पण नागराज पडला थोरला मुलगा. त्याला दुखवटा असा पाळायचा होता की कुणी बोट दाखवू नये. त्यानं व्हिडिओच काढून टाकला. ॲपनं तीस दिवसांचं काहीतरी विचारलं, ते न वाचताच अंगठा दाबला. सुतक फिटलं की माग सुरू करतात, तसं वर्ष झालं की हेही सुरू करू, असा त्याचा हिशेब. ॲपचं सुतक महिन्याचं आणि घराचं वर्षाचं, हे त्याला कोण सांगणार? शहाणा तर गल्लीत तोच होता.

दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं तो आवाज वापरलेल्या लोकांना निरोप धाडले. आठ जणांची उत्तरं आली, आठही व्हिडिओ मुके. कोगनोळीच्या कुणा राजाबाईनं तर बोलून निरोप पाठवला, "माझं नातवंड त्या आवाजाबिगर झोपत न्हवतं, बाबा. तुमचीच आई न्हवं? तुमच्याकडं आसंलच की. परत घाला." त्याच्याकडे नव्हतं. रेकॉर्ड केलेला फोनही त्यानं कधीच बदलून टाकला होता. आईला अग्नी त्यानंच दिला होता. आता वाटलं, दोनदा दिला.

घरी येऊन त्यानं पूर्णिमाला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आवाज नुसता बारीक केला असतास तर चाललं नसतं व्हय, अण्णा?" एवढंच ती म्हणाली आणि लेकीला पदराखाली घेऊन भिंतीकडे वळली.

रविवारी बारशाला घर भरलं. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या. बायका नेहमीचा पाळणा म्हणायला लागणार तोच पूर्णिमानं त्यांना थांबवलं.

"अण्णा, तू म्हण. आईचा."

नागराज पुढं झाला. पाळण्याची दोरी धरली, घसा खाकरला.

"ताणा तुझ्या बाचा रं बाळा, बाणा तुझ्या आईचा…"

आवाज बरा लागला होता. बायकांतल्या एकीनं डोळ्यांना पदर लावला. नागराजनं पुढची ओळ शोधली. लहानपणी आई ती म्हणायची तोवर त्याचा डोळा लागलेला असायचा, रोज. मोठेपणी फोनात आहेच म्हणून पाठ कोण करतो? त्यानं पूर्णिमाकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, तेही पहिल्याच ओळीवर. तीही त्याच मांडीवर झोपली होती.

"पुढं म्हण की रं," मल्लाप्पाकाका म्हणाले.

दोरी त्याच्या हातात तशीच थांबली.

"पुढचं कुणालाच येत न्हाय, काका."