बारा रविवार मराठीत

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एका शाळेच्या जिन्यावर महांतेशने शंतनूला विचारलं, "पोरीचा हात आता पुरा वळतोय काय ओ?"

प्रश्न मराठीत होता. महांतेशला मराठी येतं हे शंतनूला तोवर ठाऊक नव्हतं.

या शाळेच्या वरच्या वर्गात दर रविवारी दहा वाजता दारू सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरते. शंतनू पुण्याचा, वय एकोणचाळीस, नोकरी महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअरची. पहिले दोन रविवार तो इंग्रजीत बोलला. मग बैठक चालवणाऱ्या शिवाप्पांनी, म्हणजे बसच्या एका निवृत्त ड्रायव्हरने, त्याला चहाच्या वेळी बाजूला घेतलं.

"सर, इंग्लिश में आप ऑफिस का रिपोर्ट देता है. घर का भाषा में बोलो."

"किसको समझेगा?"

"समझने का काम नहीं. हम सुनेगा."

त्यानंतरचे बारा रविवार तो मराठीत बोलला. समोरच्या अठरा-वीस जणांना काही कळत नाही, या भरवशावर त्याला बोलता येत होतं. शेजारच्या बाकावर महांतेश असे. पन्नाशीचा, एका टेक पार्कवर सुरक्षा सुपरवायझर, स्वतः कन्नडमध्ये बोलणारा. शंतनू त्याला अण्णा म्हणे आणि मोडक्या कन्नडमध्ये "स्वल्प चहा" मागे. महांतेश हसून त्याचं कन्नड दुरुस्त करी.

अकराव्या रविवारी, म्हणजे जिन्यावरच्या त्या प्रश्नाच्या आठवडाभर आधी, शंतनूने अपघात सांगितला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत रिंग रोडवर त्याची गाडी दुभाजकावर चढली आणि सहा वर्षांच्या ईराचं कोपर मोडलं. बायको, क्षमा, त्या दिवशी कामासाठी हैदराबादला होती. टँकर आडवा आला, असं त्याने तिला फोनवर सांगितलं. टँकर नव्हता. तो प्यायलेला होता.

चार महिन्यांनी त्याच्या पिण्याला कंटाळून क्षमा ईराला घेऊन कोल्हापूरला माहेरी गेली. जाताना तिने विचारलं होतं, "ईरा गाडीत असताना घेतली नव्हतीस ना? तेवढं असेल तर मी परत येणार नाही." तो नाही म्हणाला होता. आता त्याने दारू सोडल्याला तीन महिने होऊन गेले होते, आणि येत्या शनिवारी दोघी परत येणार होत्या.

जिन्यावर शंतनूने उलट विचारलं.

"तुम्हाला मराठी येतं?"

"निपाणीचा हाय मी. घरात मराठीच."

"मग बारा आठवडे गप्प का बसलात?"

"पहिल्या दिवशीच सांगितलो असतो तर तुम्ही तोंड उघडला असता काय?"

"माझं कन्नड सुधारत होतात, अण्णा!"

"ते वाईटच हाय की तुमचं," महांतेश म्हणाला. शंतनू हसला नाही.

"कोणाला सांगितलंत?"

महांतेशने चप्पल पायात सरकवली. "शिवलीलाला. बायकोला. नाव घेतलो नाही बघा."

दारावर पुठ्ठा टांगलेला होता: इथे ऐकलेलं इथेच ठेवा, तीन भाषांत. शंतनूने त्याकडे बोट केलं.

"घरात सांगितलं म्हणजे बाहेर जातंय काय? तुमचं ऐकून मला झोप लागंना. मी पण पोराला गाडीवर घेऊन तसाच हिंडलोय. कुणाला सांगू?"

"इथे सांगायचं! त्यासाठीच तर येतो आपण."

शिवलीला मारतहळ्ळीतल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे का, असं शंतनूने विचारलं. आहे की, महांतेश म्हणाला, हळदीकुंकवाची यादी तीच करती. त्याच ग्रुपवर अपघाताच्या दिवशी क्षमाने लहान मुलांच्या हाडांचा डॉक्टर विचारला होता. मेसेजमध्ये सगळं होतं: रिंग रोड, टँकर, मुलीचं कोपर.

मंगळवारी दुपारी महांतेशचा फोन आला.

"शिवलीलानं तुमच्या मिसेसना फोन केला होता म्हणे. पोरीची चौकशी केली फक्त, म्हणतीया."

"कधी?"

"गेल्या सोमवारी."

म्हणजे आठ दिवस होऊन गेले होते. त्या आठ दिवसांत क्षमा त्याच्याशी तीनदा बोलली होती. शाळेच्या गणवेशाचं माप, गॅसचं बुकिंग, आईची गुडघेदुखी. शिवलीलाचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

"फक्त चौकशी, की टँकरचंही बोलली?"

"मी विचारलो. ती चिडलीया. म्हणते, बायकांनी एकमेकींना काय सांगायचं ते तुम्ही दारुडे ठरवणार काय?"

शंतनूने महांतेशचा नंबर ब्लॉक केला.

गुरुवारी सकाळी नऊला त्याने क्षमाला फोन लावला. दोन दिवस तो वाक्य जुळवत होता.

"क्षमा, त्या अपघाताबद्दल एक सांगायचंय."

"फोनवर नको."

"तुला कोणी काही—"

"शंतनू, मी येतेच आहे ना? आल्यावर बोलू." तिने फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला बेंगळुरूची बस कोल्हापूरहून सुटायची होती. दोन जागा शंतनूने स्वतः राखल्या होत्या. सात वाजून पाच मिनिटांनी त्याने तिकिटाबरोबर आलेल्या नंबरावर फोन केला. बसमधल्या माणसाने यादी पाहिली.

"सात आणि आठ नंबर ना? एकच मॅडम चढल्यात."

"सोबत लहान मुलगी असेल. हाताला—"

"नाही साहेब. आठ नंबर रिकामी आहे."