वरची कडी

दारावरून कडी काढली तेव्हा तिच्याखालचा रंग गडद हिरवा निघाला. बाकीचं दार हातांनी आणि स्टोव्हच्या धुराने फिकट पडलं होतं. कडीएवढाच एक लांबट तुकडा चार वर्षांपूर्वीचा राहिला होता, आणि त्यात स्क्रूची भोकं. नलू त्या तुकड्याकडे पाहत होती.

"वयनी, हात लावू नका हां," कोंडीराम सुतार पॉलिश पेपर घासत म्हणाला. "परवापर्यंत सगळ्या चाळीची दारं व्हायला हवीत. मंडळाचा हुकूम आहे."

परवा महाराष्ट्र राज्य होणार होतं. गिरगावातल्या त्या चाळीत पताकांच्या दोऱ्या लागल्या होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्यांचा सत्कार होता, आणि त्यांत नलूचा धाकटा भाऊ चिंतामणी होता. चार वर्षांनी तो हा जिना चढणार होता.

शेजारच्या कमळाबाई डोकावल्या. "म्हणजे आज कडी नाही म्हणा ना. नलूताई, झोपेत आमच्याकडे आलात तर रिकाम्या हाताने नका येऊ. दूध तेवढं तापवून आणा."

नलू हसली. या चेष्टेला हसायची तिला सवय होती.

छप्पनच्या जानेवारीत, संचारबंदीत, चिंतामणी त्यांच्या पोटमाळ्यावर लपला होता. पत्रकं छापली म्हणून पोलीस त्याला शोधत होते. एका पहाटे ते आले, आणि त्यांना दार वाजवावंही लागलं नाही. ते उघडं होतं. "नलूने उघडलं. झोपेत," तिचा नवरा गंगाधर म्हणाला. लहानपणी ती झोपेत चालायची हे चिंतामणीलाही माहीत होतं. बेड्या घातलेला चिंतामणी तिच्याकडे एकदा पाहून खाली उतरला. सुटल्यावर तो परळला राहायला गेला. भाऊबीजेला ती दरवर्षी ताट करून ठेवायची. तो आला नाही.

अटकेच्या दुसऱ्याच दिवशी गंगाधरने दाराला आतून ही दुसरी कडी बसवून घेतली, चांगली उंचावर, झोपेत तिचा हात पोचू नये म्हणून. टाचा उचलल्या की तो पोचायचा. पहाटे दूधवाला आला की ती तशीच कडी काढायची.

नलू रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. दादरच्या एका मुलींच्या शाळेने तिला दोनदा बोलावलं होतं. "ॲसिडच्या बाटल्या आणि तू," गंगाधर म्हणाला होता. "वर्गातल्या पोरींचं काही झालं तर?" यंदा मुख्याध्यापिका दुर्गाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं होतं. तिने उत्तर दिलं नव्हतं. गंगाधरला तोंड देता आलं असतं. पण तिला स्वतःलाच ती पहाट आठवत होती. थंड फरशी, उचललेल्या टाचा, पोटऱ्यांतला ताण, कडी सरकल्याचा आवाज. डोळे मिटले की ते सगळं येई. एवढं स्पष्ट आठवत असताना दार आपण उघडलं नाही असं कसं म्हणायचं?

कोंडीराम रंगाचा डबा आणायला खाली गेला. पातळ बदलायला नलूने दार लोटलं, टाचा उचलल्या आणि हात वर नेला. बोटांना नुसतं लाकूड लागलं.

ती तशीच उभी राहिली. पोटऱ्यांत तोच ताण होता.

मग तिने खाली पाहिलं. कमरेच्या उंचीवर जुनी लोखंडी कडी होती. ती पहिल्यापासूनच होती. चिंतामणीला नेलं त्या पहाटे दाराला तेवढी एकच कडी होती, आणि ती काढायला कोणालाच टाचा उचलाव्या लागत नव्हत्या.

नलू जमिनीवर बसली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एखाद्याच्या निरीक्षणात टेबलावर नसलेलं भांडं आलं, तर सर वही परत करत. हे तू पाहिलेलं नाहीस, म्हणत, कोणाचं तरी ऐकलेलं आहे.

आणखी एक गोष्ट तिला सुचली. माहेरी चौलला, ती आठ-नऊ वर्षांची असताना, आईने तिला विहिरीच्या काठावरून झोपेतच धरून आणलं होतं. ते आईने सांगितलं म्हणून तिला माहीत होतं. तिला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

गंगाधर संध्याकाळी कचेरीतून आला तो कागदी पताकांचा गठ्ठा घेऊनच. दार आतूनही रंगवून झालं होतं. बाहेर कोंडीराम कमळाबाईंची चौकट रंगवत होता.

"परवा चिंतामणी आला की तू पुढे होऊ नकोस," गंगाधर चहा घेताना म्हणाला. "मी बोलेन. फार तर लांबून हात जोड. लोकांसमोर रडारड नको."

"जोडते. पण कशासाठी जोडायचे, ते एकदा परत सांगा."

"आता? कितीदा तेच?"

"तुम्ही जागे होतात."

त्याने कप खाली ठेवला. "मला जाग आली तर तू दाराशी. पाठमोरी. टाचा उचलून कडी काढत होतीस. हाक मारेपर्यंत दार उघडलंसुद्धा."

"टाचा उचलून."

"हो. अजून दिसतेस मला."

"कुठली कडी?"

गंगाधरने दाराकडे पाहिलं. नव्या रंगात वरची भोकं काळी दिसत होती. त्याची नजर तिथून खाली लोखंडी कडीपर्यंत आली आणि थांबली.

"खालची असेल. इतक्या वर्षांचं कोण नेमकं लक्षात ठेवतं?"

"खालच्या कडीला टाचा कशाला?"

बाहेर ब्रशचा आवाज चालू होता. गंगाधरने एक पताका उचलली, तिची घडी घातली, उलगडली.

"तुला काय माहीत गं," तो हळू म्हणाला. "साहेबांनी आत बोलावून विचारलं होतं. मेव्हणा कुठाय म्हणून. सरकारी नोकरी. गेली असती तर ही खोलीसुद्धा…"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू त्याला पळवलं असतंस."

"हो," नलू म्हणाली.

"आणि तू झोपेत चालायचीस. ते मी रचलेलं नाही."

"नाही. ते खरं आहे. मला झोपायची भीती वाटते, अहो. अजून. दुपारी डोळा लागला तरी दचकून दार पाहते."

"चिंतामणीला सांगणार आहेस?"

गंगाधरचा हात पताकांवर तसाच होता.

दारात कोंडीराम आला. एका हातात पुसून लख्ख केलेली कडी, दुसऱ्यात स्क्रूची पुडी. त्याच्यामागे कमळाबाई रंग बघायच्या निमित्ताने उभ्या होत्या.

"वयनी, रंग सुकलाय. ही वरची परत त्याच भोकांत बसवू ना?"

"बसव," गंगाधर म्हणाला.

"नको," नलू उठून म्हणाली. "भोकं बुजवून टाक." मग ती गंगाधरकडे वळली आणि गॅलरीत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "उद्या सकाळी मी आधी परळला जाणार, चिंतामणीकडे. तिथून दादरला, दुर्गाबाईंच्या घरी. जूनपासून मी शाळेत शिकवणार आहे."