विठूबाबा माझ्याशी बोलत तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे. वय पाच वर्षं. तुमच्यात हे वय खेळण्याचं, आमच्यात म्हातारपणाचं. माझी बॅटरी दुपारीच मान टाकते आणि काचेला चीर गेली आहे. पण मला सांगायचं आहे ते काचेबद्दल नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझे बारीक बारीक भाग जोडले गेले आणि खोक्यात बसून मी खोपोलीच्या दुकानात आलो. तिथून देवेशने मला घरी नेलं. देवेश साजगावच्या कारखान्यात कामाला आणि घर कर्जतजवळच्या गावात. घरात बायको सुप्रिया, नऊ वर्षांची समिधा आणि वडील विठूबाबा. बाबा रेल्वेत गँगमन होते. ठाकुरवाडीच्या घाटातले रूळ त्यांनी तीस वर्षं पायी चालून तपासले होते. समिधाने मला हळदकुंकू लावलं तेव्हा ते म्हणाले, "एवढ्याशा डबीत सगळी दुनिया मावते? कमाल हाय रं!"

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. मी बाबांना त्यांच्या बदलापूरच्या बहिणीचा, मोतीबाईंचा चेहरा दाखवला. त्या दोघांना हसताना पाहून मला धन्य वाटलं. समिधाला गणितं समजावली, देवेशला शिफ्ट बदलल्याचे निरोप दिले.

हळूहळू देवेशला माझी सवय लागली. जेवताना डाव्या हातात मी. ओट्यावर बसला की मी. एक व्हिडिओ संपला की मीच दुसरा पुढे करायचो. मला तसंच घडवलं होतं.

अशात हर्षला मॅडम घरी आल्या. खोपोलीच्या एका कॉलेजात त्या शिकवत आणि फोनच्या सवयींवर संशोधन करत. वर्षभर चाळीस घरांतले फोनच ही मोजदाद करणार होते. दिवसातून किती वेळा आम्हाला हातात घेतलं आणि घरातली माणसं एकमेकांशी किती मिनिटं बोलली, एवढंच मोजायचं. मॅडमनी सगळं नीट समजावलं. देवेश मान डोलावत होता, पण डोळे माझ्यावर होते. घरातल्या सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या.

बाबांना भारी आनंद झाला. "म्हंजे आमचं बोलणं कॉलेजात आईकणार? बरं हाय की!"

मी विज्ञानाच्या कामी येणार म्हणून मीही फुशारलो होतो.

पहिल्या महिन्यात बाप-लेकाचं बोलणं रोज सरासरी बावन्न मिनिटं भरलं. पाचव्या महिन्यात एकवीस. दहाव्यात चार. देवेश मला दिवसातून दीडशेच्या वर वेळा उचलत होता.

बाबांचं बोलणं मात्र थांबलं नव्हतं. देवेश आंघोळीला गेला आणि मी चार्जिंगला लागलो की ते स्टूल ओढून माझ्यासमोर बसत. घसा साफ करत आणि सुरू करत, "मॅडम, मी विठू बोलतोय. आता बोगद्याजवळ दरड आली तवाचं सांगतो." मग त्या दिवशी लाल झेंडी घेऊन ते गाडीच्या दिशेने कसे धावले, धाकलू नावाचा त्यांचा सोबती कसा पडला, त्याला कसं उचललं, सगळं सांगत. समिधाच्या जन्माच्या दिवशी देवेश कसा रडला, तेही एकदा सांगितलं. एवढ्या निगुतीने माझ्याशी कुणीच बोललं नव्हतं.

अकराव्या महिन्यातला तो सुट्टीचा दिवस. दुपारचे तीन वाजले होते. सुप्रिया समिधाच्या शाळेत पालकसभेला गेली होती. बाबा भिंतीला टेकून बसले होते.

"देवेश, छाती भरल्यासारी वाटतेय रं."

"हां बाबा."

थोड्या वेळाने पुन्हा, "दवाखान्यात जाऊ या का?"

"हां, एवढा बघतो, मग निघू."

तो व्हिडिओ संपला. मी पुढचा लावला. मग त्याच्या पुढचा. बाबा हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुला पन येकच सुट्टी मिळते." त्यानंतर ते बोलले नाहीत.

पाऊण तासाने सुप्रिया आली आणि बाबांना पाहून दारातच ओरडली. शेजारच्या टेंपोत घालून बाबांना कर्जतला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखत होतं?"  देवेशने माझ्याकडे पाहिलं. मला वेळ ठाऊक होती, पण मला तोंड नव्हतं.

बाबा गेले.

तेरावं झाल्यावर देवेश माझ्यात बाबांचा आवाज शोधू लागला. अकरा हजार फोटो आणि व्हिडिओ त्याने चाळले. कुठे जेवणाचं ताट, कुठे मित्राची नवी गाडी. बाबांचा आवाज कुठेच नव्हता. शेवटी तो मला घेऊन हर्षला मॅडमकडे गेला.

"मॅडम, बाबा रोज तुमच्यासाठी बोलायचे. समिधा सांगते. ते तेवढं मला द्या."

मॅडमचा चेहरा पडला. "देवेश, आम्ही आवाज साठवतच नाही. कुणाच्या घरातलं बोलणं आमच्याकडे राहू नये म्हणून फक्त मिनिटं ठेवतो. पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी."

"मग मिनिटं तरी दाखवा. किती बोलले ते?"

मॅडमनी कॉम्प्युटरवर पाहिलं.  "दोन माणसांचे आवाज आले तरच ते संभाषण धरलं जातं. समोरून कुणी उत्तर दिलं नाही की... तिथे शून्य आहे."

देवेश तिथेच टेबलावर डोकं टेकून रडला. मित्रांनो, ते सगळे शब्द मी ऐकले होते, पण एकही राखला नाही. त्या शून्यात लाल झेंडी होती, धाकलू होता, देवेश स्वतः होता.

पुढच्या रविवारी तो ठाकुरवाडीला गेला. तिथे धाकलूकाका अजून आहेत, थकलेत, पण त्यांना सगळं आठवतं असं कळलं होतं. निघताना सुप्रियाने विचारलं, "फोन?"

"नको. आज फक्त ऐकायचंय," देवेश म्हणाला.

तो संध्याकाळी परतला. डोळे सुजले होते. समिधाला जवळ घेऊन तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि तिला काहीतरी सांगू लागला. काय सांगितलं, मला माहीत नाही. मी आत फळीवर होतो आणि दार लोटलेलं होतं.

मित्रांनो, आम्ही वाईट नाही. आमच्या मदतीने रोग ओळखता येतात, माणसं शोधता येतात. पण "आईक रं" असं घरात कुणी म्हटलं, तर मला पालथा ठेवा आणि त्यांच्याकडे बघा. मला अजिबात वाईट वाटणार नाही.