ओलं बुरकुंड

इंजिन बंद पडलं, तेव्हा त्याच्या पोटातून चमचाचमचा डांबर निघालं, आणि गावाने डोळे मिटून कोंबडीवाल्या काकूचं नाव घेतलं.

मक्याचे दाणे काढल्यावर उरलेली बुरकुंडं भट्टीत कोंडून धुमसवायची. त्या गॅसवर इंजिन आणि इंजिनावर गावाची वीज. घरटी एक पोतं; कुणाचं कधी भट्टीत जातं ते फक्त इंजिनवाल्याला ठाऊक. बुरकुंड मात्र खडखडीत वाळलेलं हवं. ओलं गेलं की गॅसबरोबर डांबर येतं. म्हणून इंजिनवाला दोन बुरकुंडं कानाशी धरून एकमेकांवर आपटायचा. टण्ण वाजलं तर आत, भद्द वाजलं तर उन्हात. ही परीक्षा सगळ्यांची, बायकोचं पोतं सोडून. तिच्यासमोर बुरकुंड वाजवायची त्याची छाती नव्हती.

इंजिन बंद पडलं त्या दिवशी बायकोचंच पोतं भट्टीत गेलं होतं.

"काकूचं अंगणच दमट," गिरणीवाला म्हणाला. "शिवाय वीज गेली ती तिचीच अंडी उबवायची पेटी गार करून. आता बसा म्हणावं फुंकत."

इंजिनवाल्याने हातातल्या पान्याकडे असं पाहिलं, जणू बोलायची पाळी पान्याची होती. घरी बायको म्हणाली, "तुम्ही गप्प राहा. काकूला सवय आहे बोलणी खायची."

तो गप्प राहिला. त्यात त्याचा हातखंडा होता.

इंजिन धुऊनपुसून सुरू झालं, तसा गावाने शहाणपणा केला: काकूचं पोतं यापुढे इंजिनवाल्याच्या बायकोने तपासायचं. विश्वासातलं माणूस!

काकू पोतं घेऊन आली. बायकोने सगळ्यांदेखत बुरकुंडं आपटली. टण्ण वाजलं.

"दमटच वाटतंय बाई," ती म्हणाली.

काकू निमूटपणे पोत्याचं तोंड बांधू लागली.

इंजिनवाल्याने तिच्या हातातली सुतळी काढून घेतली. "वाजतंय, काकू. राहू दे." मग भट्टीजवळचं स्वतःच्या घरचं पोतं ओढलं आणि उन्हात उपडं केलं. भद्द, भद्द, भद्द.

"अहो, काय करताय?"

"त्या दिवशी करायचं राहिलेलं."

गिरणीवाला वाकून ओली बुरकुंडं उन्हात पसरू लागला.

काकूने त्यातलं एक बुरकुंड उचललं, दाबून पाहिलं आणि इंजिनवाल्याच्या हातात ठेवलं.

"अंडी फोडून बघितली रे मी. आतल्या पिल्लांना पिसं आली होती."

त्याची मान वर होईना. काकूने आपलं पोतं पायाने त्याच्याकडे सरकवलं.

"हे ओत आधी. पेटी पुन्हा भरलीय."