अकाबाच्या गॅरेजमधला माणूस

हिंदुराव गुरुजींनी पॉजचं बटण दाबलं तेव्हा पडद्यावरच्या माणसानं मान अर्धी वळवली होती. चित्र थरथरत थांबलं. गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. ट्रकच्या बॉनेटवर वाकलेल्या त्या माणसाच्या डाव्या कानाचा वरचा तुकडा नव्हता.

त्यांनी कॅसेट मागे नेली. सगळे मिळून अकरा सेकंद. माणूस पाना खाली ठेवतो, पँटला हात पुसतो, आतून धावत आलेल्या दोनेक वर्षांच्या मुलीला उचलून खांद्यावर घेतो. खाली इंग्रजीत अक्षरं: अकाबा, जॉर्डन, १९९४. गुरुजींनी ते तीनदा पाहिलं.

बारामतीत साप्ताहिक चालवणाऱ्या सर्जेरावांच्या छापखान्याच्या माडीवर पत्रकारांचा क्लब भरायचा. महिन्यातून एका रविवारी जगातल्या एखाद्या प्रश्नावर माहितीपट आणि मग व्याख्यान. बोस्निया झाला होता, सोमालिया झाला होता. या जानेवारीत आखाती युद्धानंतर अडकून पडलेल्या माणसांवरचा माहितीपट होता. पुण्याचे प्राध्यापक व्याख्यानाला यायचे होते, कॅसेट त्यांनी एसटीनं आधीच पाठवली होती. निवेदन इंग्रजीत असायचं, म्हणून टीव्हीशेजारी उभं राहून मराठीत सांगायचं काम गुरुजींचं. ते सणसरच्या शाळेत शिक्षक होते आणि अठरा वर्षं पुण्याच्या एका दैनिकाचे वार्ताहर. आदल्या दिवशी कॅसेट पाहून ठेवायची त्यांची पद्धत होती.

तो कान त्यांना विसरणं शक्य नव्हतं. त्यांच्याच शाळेतला कुंडलिक पाचवीत असताना घरच्याच एडक्यानं शिंग घालून फाडलेला. त्याला सायकलच्या दांडीवर बसवून भवानीनगरला दवाखान्यात नेलं होतं ते गुरुजींनीच. पुढे कुंडलिक ट्रक शिकला, लग्न झाल्यावर वर्षभरात कुवेतला गेला. नव्वद साली तिथं फौजा घुसल्या आणि त्याचा पत्ता लागेना. जवळच्या कळस गावचा रामहरी कुवेतहून परत आला तेव्हा त्यानं सांगितलं की जॉर्डनच्या वाटेवर वाळवंटात ट्रक उलटला, त्यात कुंडलिक गेला. रामहरीनं ते छावणीत कुणाकडून तरी ऐकलं होतं. गुरुजींनी बातमी लिहिताना 'प्रत्यक्षदर्शीनं सांगितलं' असं लिहिलं. ऐकीव म्हटलं असतं तर पुण्याच्या कचेरीनं बातमी घेतली नसती. बातमी फोटोसह आली. महिन्याभरानं कुंडलिकच्या घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून दहावं घातलं.

जिन्यात पावलं वाजली. सर्जेराव वर आले.

"अडकली का काय कॅसेट?"

"सर्जेराव, हा माणूस आमच्या गावचा आहे," गुरुजी म्हणाले. "कुंडलिक. मेला म्हणून मीच छापलं होतं."

सर्जेराव टीव्हीपुढे उकिडवे बसले. बराच वेळ त्यांनी पाहिलं.

"खात्री आहे?"

"माझी आहे. पण मागच्या वेळीही मला खात्रीच वाटली होती."

"मग घरच्या माणसाला आणा उद्या. त्यानं ओळखलं की सोमवारी माझ्या अंकात पहिलं पान. तुमच्या पेपरलाही द्या. चूक तुमची होती, दुरुस्तीही तुम्हीच करा. त्यात कमीपणा नाही." सर्जेराव उठले. "कुणाचा तरी मुलगा जिवंत आहे, गुरुजी. याहून चांगली बातमी कुठली?"

संध्याकाळी गुरुजी कुंडलिकच्या वस्तीवर गेले. एके काळी या घरात दोनशे मेंढरं होती, आता दोन म्हशी आणि ऊस होता. कुंडलिकचा धाकटा भाऊ दादासाहेब ट्रॅक्टरची ट्रॉली जोडत होता. त्यानं हात झटकून राम राम घातला. कौसल्या चहा घेऊन आली. ती कुंडलिकची बायको होती. दहाव्यानंतर दीड वर्षानं घरच्यांनी दादासाहेबाशी तिचा पाट लावून दिला होता. दीड वर्षाची सुकन्या आईच्या पदराला धरून चालत होती आणि मध्येच बसत होती.

"काय काम काढलंसा, गुरुजी?" दादासाहेबानं विचारलं.

गुरुजींनी बशीत चहा ओतला. कौसल्या मुलीचं नाक पुसत होती. तिला पुन्हा दिवस गेले होते, ते आता दिसत होतं.

"शाळेच्या पटाचं काम होतं," गुरुजी म्हणाले. "इकडं आलो होतो, म्हटलं डोकवावं."

निघाले तशी कुंडलिकची म्हातारी आई गोजरबाई त्यांच्या मागोमाग बांधापर्यंत आली. काठी टेकून उभी राहिली.

"शाळेचं काम न्हाय तुमचं. पोरगी अजून दूध पितीया, तिचा पट कुठला?"

गुरुजींनी घराकडे पाहिलं. मग खाली बघत, आवाज न चढवता, सगळं सांगितलं. कान, गॅरेज, खालची अक्षरं. पडद्यावरच्या मुलीचं मात्र सांगितलं नाही. ते का राहिलं, हे त्यांनाही कळलं नाही.

सांगून झाल्यावर गोजरबाई म्हणाली, "उंद्या किती वाजता?"

"चारला. दादासाहेबाला घेऊन या."

"मी एकलीच येते. घरात बोलू नका."

रविवारी माडीवर पंचवीस-तीस माणसं जमली. त्यांत बाई अशी गोजरबाई एकटीच होती. गुरुजींनी तिला मागच्या ओळीत, भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि पदर घट्ट ओढून घेतला. पुढच्या ओळीतले एकदोघं वळून पाहू लागले तेव्हा सर्जेराव म्हणाले, "आपल्या पाहुण्या आहेत." प्राध्यापक हसून मान लववून पुढे बसले.

खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या गेल्या. माहितीपट सुरू झाला.

जळणाऱ्या तेलविहिरी, काळं आभाळ, वाळूत रांगा लावून बसलेली माणसं. गुरुजी टीव्हीशेजारी उभे राहून सांगत होते. आकडे, तारखा, गावांची नावं त्यांनी वहीत उतरवून आणली होती. नेहमीसारखाच त्यांचा वर्गातला आवाज होता. फक्त ते आज पडद्याकडे बघत नव्हते.

अकाबाचं बंदर आलं. ट्रकांच्या रांगा आल्या. निवेदक बोलत होता आणि गुरुजींना त्याच्या मागोमाग बोलायचं होतं.

"इथं... इथं काही परदेशी कामगार आहेत," ते म्हणाले. "कागदपत्रं हरवली म्हणून हे लोक सुरुवातीला थांबले. पुढं..."

गॅरेज आलं. माणूस बॉनेटवर वाकलेला.

"पुढं काय, गुरुजी?" पुढून कुणीतरी विचारलं.

"पुढं त्यांच्यासाठी परतीची व्यवस्था झाली. तरी काही जण गेले नाहीत. त्यांनी इथंच संसार मांडले."

हे वाक्य त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहून म्हटलं. टीव्हीचा निळसर उजेड गोजरबाईच्या चेहऱ्यावर पडला होता. तोवर ती हलली नव्हती. मुलगी आतून धावत आली तशी म्हातारी खुर्चीवरून इतकी पुढे सरली की काठी हातातून सुटून फरशीवर वाजली. एकदोघं दचकले. तिनं काठी उचलली नाही. माणसानं मुलीला खांद्यावर घेतलं आणि चित्र बदललं, बंदरावरच्या क्रेनी दिसू लागल्या. गोजरबाई हळूहळू मागे सरकली आणि दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसून राहिली.

दिवे लागले. व्याख्यानाआधी चहा होता. सर्जेराव माणसांतून वाट काढत आले आणि दोघांना जिन्याच्या तोंडाशी घेऊन गेले.

"काय आजी? ओळखलं का पोराला?"

गोजरबाईनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"माझा न्हाय त्यो."

"नीट पाहिलंत ना? कान पाहिलात? पुन्हा लावू का? लोक चहा घेताहेत तोवर."

"नगं. माझं लेकरू मला कळंना व्हय? माझा न्हाय म्हणते न्हवं."

सर्जेरावांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी कठड्याचा रंग नखानं खरवडत होते. "मग राहिलं," सर्जेराव म्हणाले. त्यांनी म्हातारीला हात जोडले आणि प्राध्यापकांना चहा मिळाला का ते पाहायला आत गेले.

गुरुजी तिला स्टँडवर सोडायला निघाले. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या, त्यांना वाट देत दोघं कडेनं चालले. स्टँडवर भवानीनगरची गाडी लागायला अवकाश होता. गोजरबाई बाकावर बसली. गुरुजी उभेच राहिले.

"आक्का, मला एक सांगायचंय. चार वर्षं झाली, मनातून जात नाही."

ती वर पाहू लागली.

"रामहरीनं डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्यानं नुसतं ऐकलं होतं. पाहिलं असं मी लिहिलं. तुमी सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला, दहावं घातलं, पुढं कौसल्येचं..." ते थांबले. "ते सगळं माझ्या एका शब्दावर झालं."

"मला ठावं हाय," गोजरबाई म्हणाली.

गुरुजींना वाटलं तिला नीट ऐकू आलं नसावं.

"रामहरीकडं मी गेल्ते की, गुरुजी. कळसाला. तुमचा पेपर आला त्याच्या दुसऱ्या दिशी. त्यानं माझ्या पायाला हात लावून सांगितलं, मी बघितलं न्हाय म्हून."

"मग घरात का नाही सांगितलंत?"

काठीच्या टोकानं ती फरशीवरचं वाळकं पाचट बाजूला सारत होती.

"कौसल्या बावीस वर्सांची हुती. रोज पोस्टमनच्या वाटंवर जाऊन उभी ऱ्हायची. जेवायची न्हाय. तिच्या बापानं निरोप धाडला, पोरीला घिऊन जातो म्हून. दादासाहेब तोंडानं बोलायचा न्हाय, पर त्याचंबी मन मला दिसत हुतं. मी वाट बघितली असती. मला काय, माझी वाट बघायचीच वर्सं. तिला किती दिस बसवायची?" ती थांबली. "तुमचा कागुद सगळ्यांनी वाचला. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे."

गुरुजी बाकावर बसले. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती.

"आणि तो परत आला असता तर?"

"रोज रातीला त्येच मनात यायचं. कुत्रं भुंकलं तरी उठून बसायची मी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्येला यायचं आसतं तर आला आसता. हात धड, पाय धड. चार वर्सांत एक पत्र टाकता आलं न्हाय?"

'हात धड, पाय धड' असं ती म्हणाली होती, माडीवर 'माझा न्हाय' म्हणाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. गुरुजींच्या ते ध्यानात आलं.

"आता परत काय छापू नका, गुरुजी," ती म्हणाली. "कौसल्याला सातवा हाय."

"नाही छापत."

गाडी लागली. माणसं दाराकडे धावली. गुरुजींनी आत शिरून खिडकीजवळची जागा धरली, गोजरबाईला बसवलं, काठी तिच्या हातात दिली आणि खाली उतरले. कंडक्टर शेवटच्या उतारूंना आत ढकलत होता. माडीवर एव्हाना व्याख्यान सुरू झालं असेल, आभार मानायला आपल्याला शोधत असतील, असं गुरुजींच्या मनात आलं, तरी त्यांचा पाय निघेना.

गोजरबाईनं खिडकीच्या गजाला धरून तोंड बाहेर काढलं. तिला काही विचारायचं असावं, पण ते तिला जुळवता येत नव्हतं. डबल बेल वाजली.

"गुरुजी," ती म्हणाली, "ती पोरगी मला आंगानं बरी वाटली. तुमाला कशी दिसली?"

गाडी हलली होती. गुरुजी तिच्या खिडकीबरोबर चार पावलं चालत गेले.

"चांगली होती," ते म्हणाले. "भरलेली होती. पळत आली ना, बघितलंत की तुमी."

"व्हय," गोजरबाई म्हणाली. "पळत आली."